पंधरा मिनिटांत तीन कविता : विदर्भातल्या रेडिओगायनाची पार्श्वभूमी

विदर्भात कविता गाण्याची रीत रेडिओच्या कितीतरी आधीची आहे. रिद्धपूरला महानुभाव पंथातल्या महदंबेनं धवळे, म्हणजे लग्नात म्हणायची गीतं, रचले ते तेराव्या शतकात, पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्तानं, आणि तेही गाण्यासाठीच. विसाव्या शतकात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं गावोगावची भजनी मंडळं जागती ठेवली. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३०च्या दशकात तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताचा उगम बरेच जण तिथेच मानतात. यातल्या भजनाला आणि धवळ्यांना वेळेचं बंधन नव्हतं. तबकडीला होतं, पण ती वाजवायला फोनो लागायचा आणि तो असला तर गावात एखाद्याच वाड्यात असायचा.

फाळणीनंतर भारताकडे सहाच रेडिओ केंद्रं राहिली. सरदार पटेल माहिती आणि नभोवाणी खातं सांभाळत असताना नवी केंद्रं उघडली गेली, त्यांतलं नागपूर १९४८चं. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं आणि प्रांताच्या भाषा दोन, हिंदी आणि मराठी. आजूबाजूच्या गायकांना मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे न जाता माइक मिळाला तो इथून.

मात्र पेटी बाहेर ठेवूनच आत जावं लागे. पेटीवर कणस्वर (मूळ सुराला पुसटसा लागणारा सूर) आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) दाखवता येत नाही, या कारणानं रेडिओनं १९४० सालीच हार्मोनियमवर बंदी घातली होती. ती उठायला १९७१ उजाडलं, तेही टप्प्याटप्प्यानं. खेड्यातला भजन गाणारा लहानपणापासून पेटीच्या आधारानं गातो. त्याला एकदम तानपुरा आणि सारंगीवर बसवलं की पहिली अडचण पट्टीची येते : पेटीवर तो 'काळी दोन' अशी आपल्या पट्टीची कळ सांगून मोकळा होतो, इथे षड्ज, म्हणजे आधाराचा सा, कानानं धरावा लागतो. बंदीमागचं तत्त्व काहीही असो, तिचा फटका गावच्या गळ्यांना जास्त बसला.

दुसरी चाळणी आवाज-चाचणीची. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर मंत्री असताना ती पक्की झाली. गाणाऱ्याचं नाव परीक्षकांना कळत नाही, क्रमांक कळतो, आणि श्रेणी मिळते बी, बी-हाय, ए किंवा टॉप. शास्त्रीयची चाचणी वेगळी, सुगमची वेगळी. केसकरांना सिनेगीतं नको होती. त्यांची जागा भरायला चांगल्या कवितेला रागाच्या अंगानं चाल लावायची, हा सुगम संगीताचा मूळ बेत. पुणे केंद्रावर १९५५-५६मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे चाललेल्या गीतरामायणानं तो मराठीत किती फळतो हे दाखवून दिलं.

विदर्भाकडे यासाठी कवी हाताशी होते. एकट्या मूर्तिजापूरनं कवी अनिल (जन्म १९०१) आणि वसंतराव देशपांडे (जन्म १९२०) असे दोघे दिले. वसंतरावांची तालीम नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाली, आणि पुढे यशवंत देवांच्या चालीत त्यांनी अनिलांची कविता गायली. अमरावतीच्या सुरेश भटांची गझल तर ताल सोबत घेऊनच येते. व्योमगंगा वृत्तात गालगागा चार वेळा (गा दोन मात्रांचा, ल एका मात्रेचा), म्हणजे सात-सात मात्रांचे चार गण. सात मात्रांच्या रूपक तालात ते जसेच्या तसे बसतात. भुजंगप्रयाताचा लगागा हा गण पाच मात्रांचा, दोन गणांत दहा मात्रांच्या झपतालाचं आवर्तन पूर्ण. अडतं ते मुक्तछंदात. ओळी लहानमोठ्या, त्यामुळे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, भलत्याच अक्षरावर पडते आणि 'नाही'तला 'ना' ओढला जाऊन अर्थच उलटा वाटतो.

अनिलांची दशपदी दहा ओळींची. ओळीमागे १६ मात्रा धरू, ताल केरवा, मिनिटाला १२० मात्रा. एक ओळ ८ सेकंदांची. दहा ओळी दोनदा म्हटल्या की १६० सेकंद, मुखड्यावर चार वेळा परत यायला ३२, मधले चार वाद्यतुकडे १६-१६ सेकंदांचे म्हणजे ६४. एकूण ४ मिनिटं १६ सेकंद. रेडिओच्या पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात निवेदनासह अशा तीन कविता बसतात. चौथी कोंबली की वाद्यतुकडे जातात. आलाप लांबला तर शेवटचा अंतरा अर्ध्यावरच आवाज विरवत तोडला जातो. अमुक गायकाला अंतरा एकदाच म्हणायची सवय होती असं लोक कौतुकानं सांगतात. बहुतेक वेळा ती सवय घड्याळाची असते.

स्टुडिओत उन्हाळा वेगळाच त्रास देतो. मे महिन्यात एसटीनं आलेल्या तबल्याची पुडी कोरड्या उन्हानं ताणलेली असते. थंड खोलीत ती सैल होऊन स्वर उतरतो. म्हणून तबला अर्धा तास आधी आत आणून ठेवायचा आणि मगच हातोडी लावायची. माइक तोंडासमोर नेमका न धरता जरा बाजूला ठेवायचा, नाहीतर प, फ, भ आले की फटका बसतो.

नागपूरची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झवर. शेजारच्या दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे आवाजाच्या वाट्याला जेमतेम साडेचार किलोहर्ट्झ येतात. तानपुऱ्याची वरची झंकार त्यात गळून जाते आणि स, श, फ एकमेकांत मिसळतात. शब्द मोकळे, वाद्यं कमी, हा रेडिओगायनाचा बाज काही अंशी इथून आला. ओल्या काळ्या जमिनीवरून ही लहर दूरवर जाते, पण रात्री लांबची केंद्रं तिच्यात घुसतात आणि शेजारची मोटर सुरू झाली की खरखर. ट्रान्झिस्टरमधली फेराइटची कांडी, म्हणजे आतला अँटेना, केंद्राकडे टोक करून असेल तर आवाज मरतो. सेट काटकोनात फिरवला की खुलतो. बांधावर टांगलेला रेडिओ लोक फिरवत असत तो याचसाठी.

पुढे अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथे एफएम आलं. आवाज स्वच्छ, पण ही लहर सरळ रेषेत जाते, तेव्हा मेळघाटात डोंगराआडच्या गावाला ती मिळत नाही.

जुनं गायन आज फारसं ऐकायला मिळत नाही, कारण टेप महाग होती आणि प्रसारणानंतर तीच पुसून पुन्हा वापरली जायची. संग्रहासाठी निवडलेलं तेवढं उरलं. उरलेल्या रिळांनाही उन्हाळा बाधतो. गरम खोलीत गुंडाळीच्या एका थराची छाप दुसऱ्यावर उतरते आणि गाणं सुरू होण्याआधीच मुखडा दबक्या आवाजात ऐकू येतो. रीळ उलट्या टोकानं गुंडाळून ठेवलं तर ती छाप स्वराच्या मागे येते आणि स्वरातच लपते.