सापशिडी खेळताना ‘एक, दोन, तीन’ मोजू नका

‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा अहवाल आला की मुलांच्या गणिताची चिंता चार दिवस सगळीकडे ऐकू येते. २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या साधारण तिघांपैकी एकाच मुलाला हातच्याची वजाबाकी जमत होती. मग कुणी म्हणतं पाढे घोकून घ्या, कुणी म्हणतं खेळातून शिकवा. मी दुसऱ्या गटातला. तरी खेळ कोणता आणि त्यात मोजायचं कसं, हे कुणी सांगत नाही. खरी मेख तिथेच आहे.

पाच वर्षांच्या मुलासमोर कागदावर एक रेघ ओढा. डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १००. मधे काही लिहू नका. आता विचारा, १० कुठे येतील? बरीच मुलं १० ला त्याच्या जागेपासून खूप उजवीकडे नेतात, कधी कधी पार मध्याजवळ. मग ६०, ८०, ९० हे सगळे उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसतात. लहान आकडे ऐसपैस, मोठे आकडे चेंगरलेले.

यामागे लॉगॅरिथम आहे, असं काही संशोधक मानतात. १ चे दहापट १०, १० चे दहापट १००. फरकाऐवजी पट मोजली, तर १ आणि १०० च्या बरोबर मध्यावर १० च येतात. दुसरा गट म्हणतो, लॉगबिग काही नाही. मूल पूर्ण रेघेच्या मानाने तुकडा जोखतं आणि तिथे चुकतं. हा वाद मिटलेला नाही. पण वय आणि सराव वाढला की ही रेघ समान अंतरांची होत जाते आणि ज्या मुलाची रेघ नीट, त्याची बेरीज-वजाबाकीही सहसा बरी असते, यावर दोघांचं एकमत आहे.

खेळ उपयोगी पडतो तो इथे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी यांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक साधा पट दिला. एका ओळीत १ ते १० अशी घरं, आणि फिरकीवर दान फक्त १ किंवा २. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. काही मुलांना तसाच पट, पण आकड्यांऐवजी रंगांचा. आकडेवाली मुलं आकडे ओळखण्यात, लहान-मोठा सांगण्यात आणि रेघेवर जागा दाखवण्यात सुधारली. नऊ आठवड्यांनंतरही फरक टिकून होता. रंगवाली मुलं होती तिथेच राहिली. हे निष्कर्ष २००८ चे. पुढे तेच आकडे गोल पटावर मांडले, तेव्हा रेघेची समज तशी वाढली नाही.

असं का व्हावं? सरळ पटावर ८ पर्यंत पोचायचं तर ४ च्या दुप्पट घरं ओलांडावी लागतात. दुप्पट आकडे तोंडाने म्हणावे लागतात, वेळही साधारण दुप्पट लागतो, हातही दुप्पट लांब जातो. आकडा, आवाज, वेळ आणि अंतर, चारही एकाच वेळी वाढतात.

आता मोजण्याची पद्धत. सोंगटी २५ वर आहे, दान पडलं ४. आपण सगळे ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत सरकतो. यात मुलाला घरातला आकडा बघायची गरजच पडत नाही! त्याऐवजी ‘सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस’ म्हणायला लावा. एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी २०१४ मध्ये या दोन पद्धती १०० घरांच्या पटावर ताडून पाहिल्या. पुढचा आकडा म्हणणारी मुलं बरंच जास्त शिकली. आणि पट बाजूला ठेवून नुसता आकड्यांचा सराव दिला, तर रेघेवर तेवढी सुधारणा दिसली नाही.

खेळाचं कौतुक करताना दिल्लीतला प्रयोगही सांगायला हवा. तिथल्या बालवाड्यांतल्या पंधराशेहून अधिक मुलांसोबत काही महिने गणिती खेळ खेळले गेले, पण लिहिलेल्या आकड्यांविना. ठिपके जास्त कुठे, आकार वेगळा कुठला, असे. मुलांचा अंदाज पक्का झाला आणि पुढेही टिकला. शाळेतल्या आकडेमोडीत मात्र त्यांना आघाडी मिळाली नाही. हे नीट मोजून-मापून केलेलं काम आहे. तिकडे डोळ्यांवर पट्टी बांधून नाकाजवळच्या फटीतून वाचणाऱ्या पोरांना ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ (मेंदूचा मधला भाग जागा केल्याचा दावा) म्हणून मिरवणारे क्लास हजारो रुपये फी घेतात. ते पैसे वाचवा, फासा विकत आणा.

पट शक्यतो घरीच करा. बाजारातल्या पटावर आकडे नागमोडी जातात: ७ च्या डोक्यावर १४, त्यावर २७. एक घर वर गेलं की कधी सात वाढतात, कधी तेरा. पुठ्ठ्यावर प्रत्येक ओळ डावीकडून लिहिली, की ७ वर १७, त्यावर २७. सुरुवातीला साप-शिड्या काढूच नका, न मोजता मारलेल्या उडीतून लहान मूल काही शिकत नाही. सहा-सात वर्षांचं झालं की साप आणा, सोंगटी ४६ वरून थेट १६ वर घसरू द्या, आणि पुढचं दान टाकण्याआधी विचारा, किती घरं गेली?