धीर देणं वेगळं, गप्प करणं वेगळं

"काही होत नाही, घाबरू नका." वॉर्डात दिवसभर हे वाक्य कानावर पडतं आणि त्यालाच सर्रास धीर देणं म्हटलं जातं. बहुतेक वेळा ते रुग्णाला गप्प करणं असतं.

मऊ आवाज, हातावर हात, हसरा चेहरा हे दोन्हींत सारखंच असतं, म्हणून घोळ होतो. वेळेचाही फारसा फरक नाही. पाहायचं ते एवढंच: तुमच्या बोलण्यानंतर रुग्ण आणखी बोलतो, की तिथेच थांबतो?

उद्या ऑपरेशन असलेला माणूस म्हणतो, "सिस्टर, भीती वाटते." त्यावर "डॉक्टर चांगले आहेत" म्हटलं की विषय संपला. त्याऐवजी स्टूल ओढा, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसा, "जास्त भीती कशाची वाटते?" असं विचारा आणि थांबा. पाच-सहा सेकंदांची ती शांतता जड जाते, तरी ती भरून काढू नका. एकाला मध्येच जाग येईल अशी भीती असते. त्याची भूलतज्ज्ञांशी गाठ घालून द्यावी. दुसऱ्याला नंतरच्या दुखण्याची. त्याला ० ते १० मध्ये वेदना कशी सांगायची आणि खोकताना टाक्यांवर उशी कशी दाबून धरायची, हे आजच दाखवावं. तिसऱ्याला घरी अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं कोण करेल याचा घोर असतो. तिथे समाजसेवा विभागाला कळवावं लागतं. तिघांना एकच वाक्य कसं पुरेल? मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या सेवेची (हॉस्पिस) चळवळ उभी करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. वेदना शरीराची, मनाची, घरची आणि श्रद्धेची अशी एकत्र असते, हे त्यांनी मांडलं ते रुग्णांचं असंच ऐकून.

आता तो "ना". "दुखत नाही ना?" "झोप लागली ना?" प्रश्नातच उत्तर दिलेलं असतं. रुग्ण मान डोलावतो, चार्टवर शून्य लिहिलं जातं. ही सवय मोडलीच पाहिजे. "पडून असताना किती दुखतं? कुशीवर वळताना किती?" असं विचारा. पडल्या पडल्या २ सांगणारा वळताना ७ सांगतो. असा माणूस दुखण्याच्या धास्तीने हलत नाही, खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि छातीत कफ साचतो. वेदनाशामक शिरेतून दिलं असेल तर साधारण अर्ध्या तासाने, तोंडावाटे दिलं असेल तर तासाभराने पुन्हा विचारायचं. "अर्ध्या तासाने येते" म्हटलं तर यायचं. जमलंच नाही तर निरोप तरी पाठवायचा. नाहीतर पुढच्या वेळी तो बेल दाबत नाही, सोसत राहतो.

सगळ्यात धोक्याची गल्लत वेगळीच. "अचानक कसंतरी होतंय, जीव घाबरतोय" असं कुणी म्हणालं की आधी समजूत काढू नये. ही मनाची भीती असेलही, पण ऑक्सिजन किंवा साखर उतरणं, आत रक्तस्राव होणं, फुप्फुसात गुठळी अडकणं याची पहिली खूणही अशीच असू शकते. जवळ थांबा, हात धरा आणि त्याच वेळी पूर्ण ६० सेकंद श्वास मोजा. मग ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, साखर. श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त असतील तर डॉक्टरांना लगेच बोलवा. आकडे ठीक असले, तरी तळमळ थांबत नसेल तर पांघरूण बाजूला करून कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी पाहा. ती मांडीखाली दुमडली की मूत्राशय तुंबतं आणि माणूस कासावीस होतो.

आणि रुग्णाला "सात नंबर" म्हणू नका. नाव विचारायला दोन सेकंद लागतात.

रात्री रुग्ण स्वतःच "ना" लावून विचारतो: "सिस्टर, मी वाचेन ना?" इथे "हो" तोंडावर येतं, पण ते आपल्याला माहीत नसतं. "असं का वाटलं आत्ता?" म्हणून त्याचं पूर्ण ऐका. मग जे हातात आहे तेवढंच सांगा: "सकाळपर्यंत मी इथेच आहे. दर तासाला येऊन बघेन. ही बेल." आणि ती बेल सलाईन नसलेल्या हाताशी ठेवा, एकदा त्याच्याकडून दाबून घ्या.