पडद्यावरची हालचाल नेमके काय खाते?

जुलैमध्ये खरीप पीकविम्याची मुदत जवळ येऊ लागली, की परभणी-हिंगोलीकडच्या तालुक्याच्या गावांतील सेवा केंद्रांसमोर सकाळपासून रांगा लागतात. अशाच एका केंद्रात जुन्या संगणकावर काम करणाऱ्या तरुणाला कोणीतरी सांगितले होते, की खिडक्या उघडता-मिटताना दिसणारी हालचाल, म्हणजे ॲनिमेशन, बंद केले की यंत्र पळू लागते. त्याने विंडोजमधील ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ हा पर्याय निवडला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "सर, जरा फास्ट वाटायलंय, पण अर्जातली नावं नीट वाचता येईनात." त्याच्या दोन्ही निरीक्षणांत तथ्य होते, मात्र त्यांची कारणे अगदी वेगळी होती.

अक्षरांचे कारण सोपे आहे. हा पर्याय केवळ हालचाल थांबवत नाही, तर जवळजवळ सगळेच दृश्य परिणाम काढून टाकतो आणि त्यांत अक्षरांच्या कडा मऊ करणारी सोयही जाते. रोमन अक्षरे त्यातूनही निभावतात. परंतु देवनागरीतील रफार, अनुस्वार, जोडाक्षरांतील अर्धी वळणे मोजक्या ठिपक्यांत बसवायची असल्याने ती खडबडीत होतात. जिथे नावातील एका अनुस्वारावरून अर्ज परत येऊ शकतो, तिथे हे नुकसान मोठेच म्हणावे लागेल. त्याच यादीत ‘स्मूथ एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’समोर पुन्हा खूण केली की अक्षरे पूर्ववत होतात.

वेगाचा प्रश्न अधिक खोलात नेणारा आहे. आजच्या प्रणालींत प्रत्येक खिडकीचे चित्र आधी स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, वेगळे रंगवले जाते आणि मग ग्राफिक्स चिप ती सगळी चित्रे एकावर एक रचून पडद्यावर पाठवते. विंडोज 8 पासून ही रचना बंदच करता येत नाही. म्हणजे ॲनिमेशन थांबवले तरी रचण्याचे काम चालूच राहते. स्वस्त लॅपटॉपचा पडदा बहुधा 1366 गुणिले 768 ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याला 4 बाइट धरले, तर पडदाभर खिडकीचे एक चित्र सुमारे 4.2 मेगाबाइटचे होते आणि सेकंदाला 60 चित्रे या हिशेबाने सुमारे 250 मेगाबाइटची ने-आण करावी लागते. डीडीआर 3 जातीची 1600 वेगाची रॅमची एकच जुनी पट्टी सेकंदाला कमाल 12.8 गीगाबाइट हलवू शकते. चार-पाच थर रचायचे असले, तरी हा भार तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतो आणि तोही ॲनिमेशन चालते त्या पाव सेकंदापुरताच. अर्धपारदर्शक, धूसर पार्श्वभूमी मात्र महाग पडते, कारण तिथे एकेका ठिपक्याचा रंग ठरवण्यासाठी आजूबाजूचे अनेक ठिपके वाचावे लागतात. जुन्या यंत्रावर आधी ती पारदर्शकता घालवावी, असे माझे मत आहे.

मग त्या तरुणाला यंत्र वेगवान का वाटले? कारण ॲनिमेशन शक्ती फारशी खात नसले तरी वेळ खाते, आणि तो वेळ मुद्दाम ठरवून दिलेला असतो. खिडकी पसरायला 250 मिलिसेकंद द्यायचे ठरले असेल, तर यंत्र कितीही ताकदवान असो, तेवढा वेळ जाणारच. दिवसात 400 वेळा खिडक्या उघडल्या-मिटल्या, तर मिळून 100 सेकंद होतात. दिवसाच्या मानाने ही बचत किरकोळ आहे, परंतु सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मिळालेला प्रतिसाद माणसाला तत्क्षणी मिळाल्यासारखा वाटतो आणि त्यापुढचा विलंब जाणवू लागतो. रांगेतल्या माणसांच्या नजरा पाठीवर असताना तर तो अधिकच जाणवतो.

खरा संथपणा बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी 11 मिलिसेकंदांची असते. विखुरलेला माहितीचा एकेक तुकडा शोधायला 10 मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि एखादा प्रोग्रॅम सुरू होताना असे शेकडो तुकडे वाचावे लागतात. फिरती तबकडी नसलेल्या, चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या एसएसडीला तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जमते.

या हालचाली मुळात आल्या कशासाठी, हेही पाहिले पाहिजे. 1984 च्या मॅकिंटॉशवर फाइल उघडताना चौकटींच्या रेषा चिन्हापासून खिडकीपर्यंत वाढत जात, त्यामुळे खिडकी कुठून आली ते डोळ्यांना कळे. संगणकाच्या वर्गात एका बाईंनी पत्र टंकले, चुकून खिडकी खाली केली आणि त्या घाबरून म्हणाल्या, "सर, माझं पत्र गेलं की!" त्या संगणकावर ॲनिमेशन बंद होते. खिडकी आकसत खालच्या पट्टीत जाताना दिसली असती, तर त्यांची नजर तिच्यामागे गेली असती. अचानक झालेला बदल, त्याच क्षणी लक्ष दुसरीकडे असल्यास, मेंदूच्या सहज लक्षात येत नाही. सलग हालचाल मात्र नजरेला बरोबर घेऊन जाते. म्हणून नवशिक्या माणसाच्या संगणकावर ती राहू द्यावी.

काहींच्या बाबतीत मात्र हा सोयीचा नव्हे, तब्येतीचा प्रश्न असतो. कन्नडच्या घाटात एसटीत बसून मोबाइल वाचला तर मळमळते, कारण कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय वळणे टिपत असते आणि डोळे स्थिर अक्षरे पाहत असतात. पडद्यावर याच्या उलट घडते: डोळ्यांना झेप घेणारे, मागे-पुढे सरकणारे दृश्य दिसते, शरीर मात्र खुर्चीत स्थिर असते. 2013 मध्ये आयफोनच्या आयओएस 7 मध्ये झूम होणारी दृश्ये आली, तेव्हा अनेकांनी चक्कर येत असल्याची तक्रार केली होती. आज विंडोज 11 च्या ॲक्सेसिबिलिटी विभागात, व्हिज्युअल इफेक्ट्सखाली, ॲनिमेशन थांबवण्याचे बटण आहे आणि अनेक संकेतस्थळेही ती निवड ओळखून आपली हालचाल कमी करतात. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हालचालीचा कालावधी निम्मा करता येतो. मला स्वतःला हा मधला मार्ग आवडतो.

दुसऱ्या गावचा संगणक इंटरनेटवरून चालवत असाल, तर ॲनिमेशन अवश्य बंद करावे, कारण तिथे बदललेले प्रत्येक चित्र मोबाइलच्या क्षीण जोडणीतून यावे लागते.

त्या केंद्रातील संगणकावर आम्ही अक्षरांची खूण परत लावली आणि ॲनिमेशन बंदच ठेवले, कारण कोणती खिडकी कुठे आहे हे त्या तरुणाला पाठ आहे. शेजारच्या संगणकावर त्याची बहीण टायपिंग शिकते; तिथली हालचाल तशीच राहू दिली. पीकविम्याची मुदत संपली, की जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची असे ठरले आहे.