मनगटावरच्या कॅलरी आल्या कुठून?

दिवसभरात आपण किती कॅलरी खर्चल्या, हे मनगटी पट्टा सांगतो; त्या मोजणीची गोष्ट जुनी आहे. १७८०च्या दशकात पॅरिसमध्ये लव्हॉझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगभोवती बर्फ रचला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं. ऊर्जेचा खर्च उष्णतेवरून आणि श्वासावरून कळतो, ही समज तिथून रुजली. शंभरेक वर्षांनी अमेरिकेत ॲटवॉटर आणि रोझा यांनी माणूस आत राहील अशी बंद मापन-खोली उभारली. १९११ मध्ये ऑक्सफर्डच्या डग्लस यांनी उच्छ्वास साठवणारी, पाठीवर बांधायची पिशवी आणली. प्रयोगशाळेत आजही मुखवटा लावून श्वासच तपासतात. रोजच्या मोकळ्या जगण्यासाठी जड समस्थानिकांचं, म्हणजे हायड्रोजन-ऑक्सिजनच्या नेहमीपेक्षा जड अणूंचं, पाणी पाजण्याची पद्धत आहे. लिफसन यांनी ती १९५५ मध्ये उंदरांवर सिद्ध केली, माणसांवर ती १९८०च्या दशकात आली. तिच्यातून आठवड्या-दोन आठवड्यांची बेरीज चोख मिळते, पण भांडी घासताना किती आणि जिना चढताना किती, हे वेगळं काढता येत नाही.

मनगटी पट्ट्याचं घराणं मात्र पावलं मोजण्याचं. १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ हे पेडोमीटर विकायला आलं. मग कमरेला लावायची, हालचालीचा जोर टिपणारी यंत्रं आली. कमरेवर चालणं चांगलं पकडता येतं, कारण तिथे सगळ्या शरीराची हालचाल उमटते. २०१०नंतर यंत्र मनगटावर सरकलं ते सोयीसाठी, आणि खरी अडचण तिथेच आहे. पोळ्या लाटताना हात भरभर चालतो, शरीर जागेवरच असतं. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन जिना चढताना दम लागतो, पण मनगट जेमतेम हलतं. म्हणून हिरव्या प्रकाशानं नाडी पाहण्याची जोड दिली गेली. पण नाडी काळजीनं आणि उन्हानंही वाढते.

स्टॅनफर्डच्या २०१७च्या अभ्यासात ६० जणांवर सात उपकरणं तपासली. नाडीच्या बाबतीत सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सर्वांत चांगल्याची सरासरी चूक २७ टक्के निघाली, सर्वांत वाईटाची ९३.

पट्टा वय, वजन, उंचीवरून विश्रांतीतला खर्च ज्या सूत्रांनी काढतो, त्यांचाही प्रश्न आहे. १९८५च्या प्रसिद्ध स्कोफिल्ड सूत्रांमागे इटालियन लोकांच्या नोंदींचा मोठा वाटा होता. म्हणून भारतीयांसाठी आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) ते आकडे ५ टक्क्यांनी उतरवून घेतले. आपल्या पट्ट्यात कोणतं सूत्र आहे, हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. पट्ट्यावरचा कॅलरीचा आकडा पाहून लोक जेवणातली भाकरी कमी करतात, त्यामुळे तो किती टक्क्यांनी चुकू शकतो हे आकड्याशेजारी छापणं बंधनकारकच हवं.