मेंदूभोवतीचे पाणी इतकी शतके का दिसले नाही?

'मणक्यातून पाणी काढावे लागेल,' असे डॉक्टर म्हणाले की घरचे हादरतात. हे पाणी म्हणजे मस्तिष्क-मेरुद्रव, डॉक्टरांच्या बोलण्यातले सीएसएफ. ते मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत असते आणि बाहेरच्या आवरणांमध्येही. मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिलिलिटर. दिवसभरात मात्र जवळपास ५०० मिलिलिटर नवे तयार होते आणि तेवढेच रक्तात शोषले जाते.

दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेनने मेंदूतल्या पोकळ्यांचे वर्णन केले, पण त्यांत सूक्ष्म चैतन्यवायू खेळतो असे तो मानत असे. चित्रकार लिओनार्दो दा विंचीने बैलाच्या मेंदूत वितळलेले मेण भरून पोकळ्यांचा साचा काढला. सोळाव्या शतकात काहींना तिथे पाणी दिसलेही. तरी मेंदूभोवती आणि मणक्यात एकच द्रव भरलेला आहे, हे ध्यानात आले नाही.

याचे मोठे कारण शवविच्छेदनाच्या रीतीत होते. आधी मान कापून डोके वेगळे करायचे, मग कवटी उघडायची. तोवर द्रव वाहून गेलेला असे आणि शास्त्रज्ञापुढे रिकामी जागा उरे. इटलीतल्या नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या डॉक्टरने हा क्रमच बदलला. डोके जागच्या जागी ठेवून त्याने आधी कमरेचे मणके उघडले, तर तिथे पाणी! सायटिका म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यावरच्या १७६४ मधील ग्रंथात त्याने हे नोंदवले. या साऱ्या इतिहासात मला त्याचेच मोल सर्वांत जास्त वाटते, कारण दोष डोळ्यांचा नसून पद्धतीचा आहे हे त्याने ओळखले.

पुढची सुमारे साठ वर्षे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १८२५ पासून फ्रान्सच्या माजांदी या शास्त्रज्ञाने जिवंत प्राण्यांत हा द्रव दाखवला, तेव्हा शंका मिटली. १८९१ मध्ये जर्मनीत क्विंके या डॉक्टरने कमरेत सुई घालून तो काढला. हेतू होता आजारी मुलांच्या डोक्यातला दाब उतरवण्याचा. पण काढलेल्या द्रवातून मेंदूज्वराचे निदान होऊ लागले. आजही ती तपासणी जीव वाचवते.

मेंदूच्या आवरणांत लसीकावाहिन्या, म्हणजे शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, नसतात, असे पुस्तके कालपरवापर्यंत शिकवत होती. इटलीच्या मास्कान्यी या शरीररचनातज्ज्ञाने त्या १७८७ मध्येच वर्णिल्या होत्या. त्यावर विश्वास बसायला २०१५ उजाडले. उंदरांवरच्या दोन स्वतंत्र संशोधनांत त्या पुन्हा सापडल्या, आणि या द्रवाचा काही भाग त्यांतून मानेतल्या लसीकाग्रंथींकडे जातो हेही कळले.