फिल्टरवरचा माणूस आणि 'ऑपरेटर' नावाचा घोळ

संभाजीनगरला पाणी पुरवणाऱ्या मलिक अंबरच्या जुन्या नहरीचं पाणी उताराच्या जोरावर चालायचं, त्यामुळे तिच्यावर ना पंपवाला होता ना औषध टाकणारा. पाणी शुद्धीकरण केंद्रावरच्या आजच्या नोकऱ्यांची आणि तिथं 'ऑपरेटर' कुणाला म्हणायचं या वादाची गोष्ट तिथून सुरू होत नाही. ती 1976च्या आसपास, पैठणचं जायकवाडी धरण उभं राहिल्यावर सुरू होते. पैठणहून संभाजीनगरपर्यंत पाणी चढवायचं म्हटल्यावर सगळा भर उपशावर आला आणि पंप चालवणारा तो 'ऑपरेटर' हे समीकरण बसलं. घोळाचं मूळ मला तिथंच दिसतं.

आयटीआयला 'पंप ऑपरेटर कम मेकॅनिक' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यात पंप आणि इंजिन शिकवतात, पाण्यातला गाळ बसवणाऱ्या तुरटीचा डोस नाही. डोसाच्या जवळचा ट्रेड म्हणजे दोन वर्षांचा एओसीपी, केमिकल प्लांटवरचा अटेंडंट ऑपरेटर. पण तो केलेली पोरं बहुतेक वाळूजच्या कंपन्यांत जातात. भरतीच्या जाहिरातीत मात्र पंपचालक, जोडारी, वीजतंत्री हीच नावं. मग फिल्टर बेड, म्हणजे पाणी गाळणारा वाळूचा थर, उलट्या प्रवाहानं धुवायला कधी घ्यायचा, हे शिकवायचं कुणी? शेजारच्या शिफ्टमधल्या जुन्या माणसानं.

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की डोस ठरवायला जार टेस्ट लावतात. सहा बीकर, प्रत्येकात तुरटी थोडी वाढवत न्यायची, पाती फिरवायची आणि गाळाचे गुठळे कुठल्यात पटकन खाली बसतात ते बघायचं. उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यावर गेलं की पाण्याचा स्वभाव बदलतो आणि पावसाळ्यातला डोस चालत नाही. हे पंपचालकाचं काम नव्हे. बीएस्सी केमिस्ट्रीवाला लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागतो, सिव्हिल डिप्लोमावाला कनिष्ठ अभियंता होतो. रात्रपाळीला प्लांटवर हे दोघंही नसतात.

पुढे देखभाल-दुरुस्ती ठेक्यावर गेली आणि वाद आणखी चिघळला. ठेकेदाराकडे दहा वर्षं क्लोरिन वायूचे टनर, म्हणजे मोठी सिलिंडरं, बदललेल्याचा अनुभव भरतीत धरायचा की नाही? कागदावर तो धरायला प्रमाणपत्र हवं, आणि ठेकेदार बदलला की ते देणाराच राहत नाही. माझ्या मते तो धरायलाच हवा.

एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा चर्चा फक्त पाणी किती याचीच झाली, ते शुद्ध कोण करतो याची नाही. 2019च्या जलजीवन मिशननंतर गावोगावी पाणी तपासणीची किट आली, पाच-पाच महिलांना प्रशिक्षण मिळालं. 'नल जल मित्र' हे नवं नावही आलं, प्लंबर, वीजतंत्री आणि पंपवाला एकाच माणसात. गावातला जलसुरक्षक मात्र अजून टीसीएलची (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवतो, नळाच्या पाण्यात क्लोरिन तपासणाऱ्या ओटी द्रावणाचे थेंब टाकतो आणि पिवळा रंग येतो का ते बघत उभा राहतो.