ग्राफिक्स कार्डासाठी एसएमपीएसची निवड

गेमिंग संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाला पुरेशी आणि स्थिर वीज मिळेल असा पॉवर सप्लाय कसा ठरवायचा, ते इथे पाहू. दुकानात या भागाला एसएमपीएस म्हणतात. भिंतीवरच्या बोर्डातली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तो संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज देतो. ग्राफिक्स कार्डाची जवळजवळ सगळी गरज १२ व्होल्टच्या वाहिनीवर भागते. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटपेक्षा या एका वाहिनीवर किती अँपिअर मिळतात, हे आधी पाहावे लागते.

ते एसएमपीएसच्या (पुढे त्यालाच संच म्हटले आहे) अंगावरच्या लेबलवर लिहिलेले असते. तक्त्यात प्रत्येक व्होल्टेजखाली अँपिअर दिलेले असतात. १२ व्होल्टखालच्या आकड्याला १२ ने गुणले की त्या वाहिनीची खरी ताकद कळते. चांगल्या ६५० वॅटच्या संचावर तिथे ५४ अँपिअर दिसतात, म्हणजे ६४८ वॅट. कॅबिनेटसोबत येणाऱ्या एखाद्या ‘४५० वॅट’च्या स्वस्त संचावर १८ अँपिअर असतील, तर कार्ड आणि प्रोसेसर दोघांना मिळून २१६ वॅटच उरतात. बाकीचा आकडा ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाहिन्यांचा असतो. आजच्या संगणकात त्यांना फारसे काम नसते. लेबलवर १२ व्होल्टच्या दोन वाहिन्या दाखवल्या असतील तर त्यांच्या अँपिअरची सरळ बेरीज करू नये. खाली दोन्हींची एकत्रित मर्यादा वॅटमध्ये दिलेली असते, तीच धरावी.

गरजेचा हिशेब सोपा आहे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०७० कार्ड २०० वॅटचे. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे ५० ते ७५ वॅट धरले, तर बेरीज साडेतीनशेच्या आसपास येते. तरीही या कार्डासाठी एनव्हिडिया ६५० वॅटचा संच सुचवते. उत्पादकाला ग्राहकाचा प्रोसेसर कोणता आणि संच किती जुना हे माहीत नसते, म्हणून हा आकडा सैल असतो. सैल असण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते जास्त महत्त्वाचे आहे.

कार्डाचे जाहीर वॅट ही सरासरी असते. खेळातले दृश्य बदलताना कार्ड मिलिसेकंदाच्याही काही भागापुरते त्याच्या दुपटीच्या आसपास वीज ओढू शकते. २०२० मध्ये ३२० वॅटचे आरटीएक्स ३०८० आणि ३५० वॅटचे ३०९० आले, तेव्हा कागदावर पुरेसे असलेले संच अचानक बंद पडू लागले. लक्षण ओळखण्यासारखे आहे: खेळ रंगात आलेला असताना पडदा एका क्षणात काळा होतो, आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळे पंखे थांबतात. निळा पडदा नाही, कसलाही संदेश नाही. कित्येकदा संचामागचे बटण बंद करून पुन्हा लावेपर्यंत संगणक सुरूच होत नाही. मग माणूस विंडोज नव्याने टाकतो, ड्रायव्हर बदलतो, रॅम काढून पुसतो. प्रत्यक्षात संचाच्या संरक्षण यंत्रणेने तो झटका धोक्याचा मानून पुरवठा तोडलेला असतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटेलने संचांच्या रचनेसाठी एटीएक्स ३.० ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात या झटक्यांची नोंद प्रथमच नीट घेतली गेली. नव्या बारा व्होल्टी जोडाचे (म्हणजे कार्डाला वीज देणाऱ्या सोळा पिनांच्या कनेक्टरचे, त्याविषयी पुढे) संच १०० मायक्रोसेकंदांपुरते आपल्या क्षमतेच्या दुपटीचा भार सोसणारे असावेत, अशी तिची अपेक्षा आहे. त्यामुळे ७५० वॅटचा एटीएक्स ३.० किंवा ३.१ संच मोठ्या कार्डाला ८५० वॅटच्या जुन्या संचापेक्षा जास्त निर्धास्त वाटतो. जुनाच संच वापरायचा असेल तर बेरजेच्या दीडपट ते पावणेदोनपट क्षमता ठेवावी. त्यापलीकडे मात्र पैसे घालण्यात अर्थ नाही. ११५ वॅटच्या आरटीएक्स ४०६० ला ५५० वॅटचा चांगला संच भरपूर आहे; तिथे १००० वॅटचा संच घेण्यापेक्षा उरलेले पैसे वरच्या कार्डात घालावेत.

जोड आणि केबली

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. कार्ड ज्यात बसते तो मदरबोर्डचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, त्यामुळे जीटीएक्स १६५० सारख्या लहान कार्डाच्या अनेक आवृत्त्या वेगळ्या केबलशिवाय चालतात. सहा पिनांचा जोड आणखी ७५ वॅट आणि आठ पिनांचा १५० वॅट देतो. या मर्यादा ओलांडल्या तर काय होते, याचे उदाहरण २०१६ चे आहे. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ४८० हे १५० वॅटचे कार्ड एकाच सहा पिनांच्या जोडासह आले आणि चाचण्यांत ते स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढताना दिसले. जुलैमध्ये एएमडीला नवा ड्रायव्हर देऊन तो भार कमी करावा लागला.

आठ पिनांचे दोन जोड असलेल्या कार्डाला दोन स्वतंत्र केबली लावाव्यात. एकाच केबलला टोकाशी दोन जोड असतात, ते सोयीचे दिसतात, पण सगळा प्रवाह त्याच वायरींतून जातो आणि भारी कार्डावर केबल हाताला गरम लागते. सॅटाच्या जोडातून कार्डाला वीज देणारे अॅडॉप्टर टाळावेत. सॅटा जोड १२ व्होल्टवर ५४ वॅटच देऊ शकतो. प्रोसेसरचा आठ पिनांचा जोड कार्डाच्या जोडासारखाच दिसतो, पण त्यात धन आणि ऋण वायरींच्या जागा वेगळ्या असतात. प्रोसेसरचा सहसा ४ अधिक ४ असा दुभंगतो आणि कार्डाचा ६ अधिक २ असा, ही खूण लक्षात ठेवावी. मॉड्युलर संचाच्या, म्हणजे सुट्या काढता येणाऱ्या, केबली दुसऱ्या संचाला तर कधीच लावू नयेत. कार्डाकडचे टोक प्रमाणित आहे, संचाकडचे नाही. केबल अगदी चपखल बसते आणि सुरू करताक्षणी एसएसडी किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

आरटीएक्स ४०९० सोबत २०२२ मध्ये १२व्हीएचपीडब्ल्यूआर हा सोळा पिनांचा जोड मोठ्या प्रमाणावर वापरात आला. बारा पिना विजेच्या आणि चार छोट्या पिना खुणेच्या. संच किती वॅट देऊ शकतो हे त्या खुणेच्या पिना कार्डाला सांगतात. वरची मर्यादा ६०० वॅट, म्हणजे ५० अँपिअर, आणि तो प्रवाह सहा पिनांत वाटायचा (उरलेल्या सहा परतीच्या). प्रत्येकीच्या वाट्याला आठ अँपिअरहून जास्त. ऑक्टोबर २०२२ पासून जोड वितळल्याची छायाचित्रे येऊ लागली. जगभरातून सुमारे ५० तक्रारी आल्याचे आणि पूर्ण न बसलेला जोड हे एक सामान्य कारण असल्याचे एनव्हिडियाने नोव्हेंबरमध्ये सांगितले. पुढच्या वर्षी १२व्ही-२×६ ही सुधारित रचना आली. तिच्यात कार्डाकडच्या खुणेच्या पिना आखूड केल्या, त्यामुळे जोड अर्धवट बसला तर त्या टेकतच नाहीत आणि कार्ड वीज ओढत नाही. तरीही २०२५ मध्ये ५७५ वॅटच्या आरटीएक्स ५०९० चे जोड वितळल्याच्या बातम्या आल्याच, कारण पिनांमध्ये प्रवाह समान वाटला जाईलच असे नाही. जोड सरळ दाबून बसवावा, फट उरली नाही ना हे बॅटरीच्या उजेडात पाहावे आणि जोडाच्या अगदी मुळाशी केबल वाकवू नये. कॅबिनेटची काच केबलला दाबत असेल तर कॅबिनेट लहान पडते आहे.

कार्यक्षमतेचे बिल्ले

८० प्लस ब्राँझ, गोल्ड वगैरे बिल्ले भिंतीकडून घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते ते सांगतात. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्ड संच निम्म्या भारावर किमान ९० टक्के कार्यक्षम असावा लागतो. संचाचे वॅट हे संगणकाला देण्याचे असतात, भिंतीकडून घेण्याचे नव्हेत: ४०० वॅट देताना ९० टक्क्यांचा संच सुमारे ४४४ वॅट घेतो. व्होल्टेज किती स्थिर आहे किंवा आतले कपॅसिटर कसे आहेत, हे बिल्ला सांगत नाही. त्यासाठी संच उघडून, भार देऊन केलेल्या चाचण्याच वाचाव्या लागतात.

महाराष्ट्रातल्या घरातली परिस्थिती

लेबलवरची क्षमता ४० अंश तापमानाला मोजलेली आहे की ५० अंशांना, हे नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात महत्त्वाचे ठरते. खोलीतच ४० अंश असतील तर कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त असणार. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते.

व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावांत अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीकडून येणारा प्रवाह नीट करणारी यंत्रणा) असलेला संच घ्यावा. असे बहुतेक संच १०० ते २४० व्होल्टवर आपोआप चालतात. मागे ११५ आणि २३० असे लाल बटण असलेला संच जुन्या पद्धतीचा. ते बटण चुकून ११५ वर राहिले तर संच तत्काळ जळतो.

यूपीएसची बाजू बहुतेक वेळा विसरली जाते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. खेळ सुरू असताना वीज गेली की तो भार न पेलून स्वतःच बंद पडतो, आणि दोष एसएमपीएसला दिला जातो. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर इन्व्हर्टरचे बटण यूपीएस मोडवर असावे.

कॅबिनेटला उघडा हात किंवा अनवाणी पाय लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव जुन्या चाळींत आणि वाड्यांत नेहमीचा आहे. एसएमपीएसच्या प्रवेशापाशी असलेले दोन छोटे कपॅसिटर विजेतला गोंगाट अर्थिंगकडे वळवतात. बोर्डात अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर मुख्य व्होल्टेजच्या निम्मा दाब येतो. महागडा संच आणूनही तो जात नाही. त्यासाठी वायरमनकडून बोर्डाची अर्थिंग तपासून घ्यावी लागते.